एकाच जागी जळलेला पट्टा

पिंपरी पेंढारच्या पुढे रस्त्याला लागून लग्नाचं एक लॉन आहे. दोन एकर हिरवळ, एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला जेवणाची शेड आणि कमानीपासून स्टेजपर्यंत गेलेली फरशीची वाट. तिथं मी दोन हंगाम नोकरी केली. बुकिंगचे फोन घ्यायचे, चौकशीला आलेल्यांना जागा दाखवायची आणि लग्नाचे छोटे व्हिडिओ काढून जाहिरातीसाठी मोबाइलवर टाकायचे, एवढं काम. आमच्या घरी हुंड्याविरुद्धची, दारूविरुद्धची, लग्नातल्या उधळपट्टीविरुद्धची पत्रकं पोत्यांनी पडलेली असायची. माझी अक्षरओळखही त्या पत्रकांच्या ठळक मथळ्यांवरच झाली. अशा घरातल्या मुलीनं लग्नाच्या लॉनवर नोकरी करावी यावर जेवताना बरंच बोलणं झालं. ते वेगळं लिहीन कधीतरी. आज मला तिथं गवत कापणाऱ्या मावशींबद्दल लिहायचं आहे.

सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या त्या. घरी भाताची खाचरं आणि उतारावर नाचणी. तरुणपणी गावातल्या भाताच्या गिरणीत त्या कामाला होत्या. पोत्यातलं भात यंत्राच्या तोंडात ओतायचं आणि पट्टा निसटला की गिरणीवाल्याला हाक मारायची, हे त्यांचं काम. पुढं गिरणीवाला यायला उशीर करू लागला, म्हणून पट्टा त्याच चढवू लागल्या. लॉनवर त्या आल्या झाडलोटीला.

लॉनच्या मालकांनी कुणाच्या तरी फार्महाऊसवरून एक जुनी लाल गाडी आणली होती. बसून चालवायची, गवत कापायची. पोटाखाली दोन पाती, मागं गवत भरायची छोटी ट्रॉली. मालकांचा तिच्यावर फार जीव. आल्यागेल्या पाहुण्याला आधी गाडी दाखवायचे, मग स्टेज. ती चालवायला ठेवलेला माणूस दोन महिन्यांत चाकणला कंपनीत गेला. नंतर ज्यानं त्यानं चालवून पाहिली आणि हिरवळीवर नागमोडी पट्टे उमटले. एक दिवस मावशींनी झाडू भिंतीला टेकवला आणि विचारलं, "मी बसून बघू का?"

सगळे हसले. मावशींनी पदर खोचला आणि कमानीपासून शेडपर्यंत अशी सरळ रेघ मारली की हसणारे आपापल्या कामाला लागले. तेव्हापासून त्या सीटवर मावशीच. झाडलोट दुसऱ्या बाईंकडे गेली. मावशी एकदा मला म्हणाल्या, "लई वर्षं वाकून काम केलं. आता बसून करते. पाठीला इचार, काय फरक हाय."

तर ही सीट जायची वेळ आली ती पट्ट्यामुळं.

गाडीच्या खाली इंजिनाची पुली असते आणि मागं चाकांना फिरवणाऱ्या पेटीची पुली. त्या दोघींना जोडणारा रबरी पट्टा, तो ड्राइव्ह बेल्ट. पात्यांचा पट्टा वेगळा, त्यानं कधी त्रास दिला नाही. ड्राइव्ह बेल्टला ताण देणारी एक छोटी पुली असते, तिला स्प्रिंग असते. क्लचचं पायडल दाबलं की ती छोटी पुली सैल होते, पट्टा ढिला पडतो, चाकं थांबतात; तेच पायडल तळापर्यंत दाबलं की ब्रेकही लागतो. एवढंच गणित. हे मला मावशींनी बारदानावर उताणं झोपून, बोटानं दाखवत समजावलं. गाडीचं पुढचं तोंड त्यांनी लाकडी ठोकळ्यांवर चढवलं होतं, आणि खाली शिरायच्या आधी प्लगची वायर उपसून ठेवली होती. "आधी हिचा जीव काढून ठेवायचा," त्या म्हणाल्या, "मग हिच्या पोटात हात घालायचा."

पहिला पट्टा गाडीबरोबर आलेला, म्हाताराच होता. तो तुटला त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. दुसरा मालकांनी जुन्नरच्या बाजारातल्या एका दुकानातून आणला. दुकानदारानं जुना पट्टा नव्यावर धरून लांबी जुळवली आणि मळणी यंत्राचा दिला. लांबी बरोबर होती, रुंदी नव्हती. तो पुलीच्या खाचेत नीट बसेना. कडा कुरतडल्यासारख्या झाल्या आणि तीन आठवड्यांत त्यानं उडी मारली. मग मालकांनी गाडीचा नंबर देऊन पुण्याहून खरे पट्टे मागवले, तीन एकदम. त्यातला पहिला मावशींनी चढवला. पंधरा दिवसांनी, एका सोमवारी सकाळी, गाडी चालता चालता उचक्या दिल्यासारखी हलू लागली. धक, धक, धक. आणि चढाला तर जागेवरच उभी.

मालक चिडले. चिडले की त्यांच्या तोंडी मावशींची 'बाई' व्हायची.

"बाई, क्लचवर पाय ठेवून बसता का तुमी? नवा पट्टा हाय राव, पंधरा दिवसांत जळतो?"

"शेठ, माझा पाय पायडलवर नसतो."

"मग काय भुतानं जाळला?"

यावर मावशींच्या आधी बोलले मी. माझ्याकडं उत्तर तयार होतं. गाडीचं झाकण काढलं तेव्हा आत, पुलीच्या आसपास, तांबूस चिखल दिसला होता. अक्षता. कुंकू लावलेले तांदूळ. रविवारी लग्न झालं की सोमवारी हिरवळीवर अक्षतांचा थर असायचा. पात्यांचा वारा ते उडवायचा, ते वर जाऊन ओल्यात भिजायचे, त्यांची खळ व्हायची. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! लग्नात तांदूळ उधळू नका, तो माणसाच्या पोटात जाऊ द्या, हे आमच्या घरचं किती जुनं पत्रक. आणि इथं यंत्रच साक्ष द्यायला उभं राहिलेलं. मी मालकांना सगळं तावातावानं ऐकवलं. संध्याकाळपर्यंत पत्रकाचा मजकूर लिहून तयार. दुसऱ्या दिवशी कमानीला चिकटवलं: 'अक्षता उधळता की अन्न?' मालकांनी ते दुपारच्या आत काढायला लावलं. "पाव्हणे पळवून लावशील का, पत्रकवाले?" एवढंच म्हणाले.

मावशींनी बांबूच्या काडीनं पुल्यांच्या खाचा कोरून साफ केल्या. तांदळाचा एक कणही ठेवला नाही. पण माझ्याशी सहमतही झाल्या नाहीत. "असंल," म्हणाल्या. "तांदूळ वंगाळच तिथं. पण बघू."

हे 'बघू' मला तेव्हा फार मवाळ वाटलं. आमच्या घरात 'बघू' म्हणणारा माणूस म्हणजे सभा संपायच्या आधी चप्पल शोधणारा.

पुण्याचा दुसरा पट्टा चढला. मावशींनी आठवडाभर कापणी केली. शनिवारी त्यांनी मुद्दाम मला बोलावून पट्टा दाखवला, सगळीकडून सारखा, काळा, निबर. रविवारी लग्न झालं. अक्षता पडल्या, पण सोमवारी गाडी काढायच्या आधी मी स्वतः झाडू घेऊन सगळी हिरवळ झाडून काढली. एक दाणा राहू दिला नाही. मग मावशी सीटवर बसल्या, गिअर टाकला, आणि दहा पावलांत गाडी उचकी देऊ लागली. धक, धक.

मालक शेडमधून पाहत होते. जवळ आले, ओरडले नाहीत. तेच जास्त वाईट.

"मावशी, पुढच्या सोमवारपासून पारगावकडचा एक ठेकेदार येतोय. त्याची माणसं खांद्यावरच्या मशिनीनं कापतील. गाडी विकून टाकू. तुमी झाडलोटीला या परत. काम जात न्हाई तुमचं."

"सीट जाती," मावशी म्हणाल्या.

"आता सीटसाठी का पट्टे जाळत बसू मी?"

मालक गेल्यावर मी मावशींकडं पाहिलं. मला वाटलं रडतील, निदान संतापतील. मी तर संतापले होतेच. शिकलेल्या पुरुषाच्या हातून यंत्र बिघडलं की यंत्र खराब असतं आणि बाईच्या हातून बिघडलं की बाई खराब असते, असं काहीतरी मी बोलू लागले. मावशींनी हात वर केला. "थांब गं जरा. खिळ्यावरचे पट्टे काढ."

शेडच्या भिंतीला एक मोठा खिळा होता, त्यावर मेलेले पट्टे अडकवलेले. फेकायचे नाहीत, हा मावशींचा नियम. मी ते काढले, त्यांनी चालू पट्टाही उतरवला आणि चारही पट्टे बारदानावर शेजारी शेजारी ठेवले. मग एकेक पट्टा बोटांतून सरकवत, जपमाळ ओढावी तसा, पूर्ण फिरवून पाहिला. मीही शेजारी बसले. मी आयुष्यभर कागदच वाचत आले होते. रबर वाचता येतं हे मला त्या दुपारी कळलं.

"ह्यो पहिला. समदीकडं बारीक चिरा. म्हातारपण. ह्यो दुसरा, मळणीचा. कडा झिजल्या, मधला भाग बरा. मापाचा न्हवता. आता ह्यो बघ."

पुण्याच्या पहिल्या पट्ट्यावरून त्यांनी माझं बोट फिरवलं. गुळगुळीत, ठीक, ठीक, आणि मग एका जागी खड्डा. चार बोटांएवढा. रबर वितळून पुन्हा कडक झालेलं. बाकी सगळा पट्टा नव्यासारखा.

"आता ह्यो, आजचा."

तसाच खड्डा. तेवढाच. एकाच जागी. गाडीची उचकी तीच होती. पट्टा फिरताना तो खड्डा पुलीवर आला की एक धक्का.

"तुझ्या तांदळानं घसरला असता," मावशी म्हणाल्या, "तर पट्टा फिरत फिरत घसरला असता. समदीकडून चमकला असता. ह्यो एका जागी जळलाय. म्हंजी पट्टा उभा व्हता आन् पुली फिरत व्हती. गवत कापताना गाडी उभी ऱ्हात न्हाई. मग ही कधी उभी व्हती, इंजिन चालू ठेवून, अर्धा क्लच दाबून?"

मला उत्तर दोन क्षण आधीच कळलं होतं.

कारण नवरदेवाची एन्ट्री ही माझी कल्पना होती. घोड्याला फटाक्यांच्या आवाजात ताटकळत ठेवतात, त्याच्या तोंडाला फेस येतो, हे मला बघवेना. मीच मालकांना म्हटलं होतं, घोडी बंद करा, नवरदेवाला लाल गाडीच्या ट्रॉलीत बसवून आणा, लोकांना गंमत वाटेल, जाहिरातही होईल. मालकांना ते इतकं आवडलं की ते स्वतः फेटा बांधून सारथी झाले. मागं ट्रॉलीत खुर्चीवर नवरदेव, शेजारी करवली, कडेला लटकलेले दोन मित्र. पुढं बँड. बँड दोन पावलं चालणार, थांबणार, मित्र नाचणार, गाडीनं त्यांच्या मागं इंचाइंचानं सरकायचं. कमानीपासून स्टेजपर्यंत सात मिनिटं. पुण्याचे पट्टे आल्यापासून अशा एन्ट्र्या झाल्या दोन, आणि दोन्ही वेळा सोमवारी उचकी. त्याचे व्हिडिओ मीच काढले होते. मोबाइल उघडून आम्ही कालचा पाहिला. एके ठिकाणी मालकांची कोल्हापुरी चप्पल स्पष्ट दिसते. पायडलवर, अर्धी दाबलेली.

"मावशी, ही आयडिया माझी," मी म्हणाले.

"आयडिया चांगली व्हती. घोडं वाचलं की." त्या व्हिडिओ पुन्हा पाहत होत्या. "आता शेठला कसं सांगावं, ते बघू."

माझं मत होतं की लगेच जाऊन व्हिडिओ तोंडावर धरावा. मावशी म्हणाल्या, व्हिडिओत पाय दिसतो, जळणं दिसत नाही. माणूस म्हणेल, पाय होता म्हणून काय झालं. शुक्रवारी, मालक निवांत असताना, त्यांनी त्यांना शेडजवळ बोलावलं. खराब झालेला चौथा पट्टाच पुन्हा चढवला होता. नव्याला अजून हात लावला नव्हता.

"शेठ, सात मिनिटं मी चालवते. मग सात मिनिटं तुमी. मग दोघांनी पट्ट्याला हात लावून बघायचा. मागनं ज्याला झाडू द्यायचा त्याला द्या."

मालक हसले. "परीक्षा घेता का माझी?"

"माझी पण घेतीया की."

मावशींनी उचक्या खात सात मिनिटं गवत कापलं. गाडी बंद केली, प्लगची वायर काढली, बाजूच्या झडपेतून मालकांना हात घालायला लावला. पट्टा कोमट. मालकांनी लगेच सीटवर पाय टाकला, तशा मावशी आडव्या आल्या. "अहं. गार होऊ द्या आधी. नायतर माझा ताप तुमच्या नावावर जाईल."

मी हे वाक्य तेव्हाच मनात लिहून ठेवलं. समोर आपल्यावर खोटा आळ घेणारा माणूस उभा आहे, हातात त्याला हरवायची संधी आहे, आणि ही बाई त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून वीस मिनिटं थांबते. इतकी वर्षं मी न्यायाबद्दल वाचत होते. तो असा, वंगणाच्या हातांनी उभा असलेला, पहिल्यांदा पाहिला.

गार झाल्यावर मालक बसले. मी मोबाइलवर रविवारच्याच वरातीचा बँड मोठ्यानं लावला, म्हणजे वेग तोच राहील. ट्रॉलीत नवरदेवाऐवजी खताची तीन पोती. मालक त्या फरशीच्या वाटेवरून तसेच सरकू लागले, थांबत, सरकत. आधी त्यांना मजा वाटत होती, फेटा नसलेल्या डोक्यावरून हातही फिरवला. पाचव्या मिनिटाला वास आला. रबराचा, डोळ्यांना झोंबणारा. शेडमधला आचारी बाहेर येऊन म्हणाला, "काय जळालं वो?"

मालकांनी गाडी बंद केली. मावशींनी वायर काढली. "हात नका लावू," त्या म्हणाल्या. "पोळंल."

मालक सीटवरच बसून पायडलवरच्या आपल्या चपलेकडं बघू लागले. मी मध्येच सांगून टाकलं की एन्ट्रीची कल्पना माझीच होती, दोष द्यायचा तर मला द्या.

"तरीच," मालक म्हणाले. "तरी म्हटलं, लग्नात यंत्राला नाचवायचं हे पत्रकवालीचंच डोकं." मग मावशींकडं न बघता, "पण परवाच्या पाव्हण्यांना शब्द दिलाय गाडीवर एन्ट्री म्हणून."

"देऊ की एन्ट्री," मावशी म्हणाल्या. "पहिल्या गिअरात, क्लच पूर्ण सोडून. थांबायचं तर पायडल तळापर्यंत दाबून. अर्धं कायबी न्हाई. ट्रॉलीला कुणी लटकायचं न्हाई. आन् बँडनं गाडीच्या चालीनं चालायचं, गाडीनं बँडच्या न्हाई."

"हे बँडवाल्याला कोण सांगणार?"

"चालवील त्यो सांगंल."

मालकांनी सीटवरून उठून फक्त मान डोलावली. ठेकेदाराबद्दल एक शब्द काढला नाही. मी विचारायला तोंड उघडलं तर मावशींनी डोळ्यांनी गप्प केलं.

शेवटचा नवा पट्टा शनिवारी चढला. रविवारी मावशींनी हिरवं लुगडं नेसलं आणि नवरदेवाला दीड मिनिटात स्टेजला पोचवलं. बँडवाले जवळजवळ पळत होते. ढोल वाजवणारा ओरडला, "मावशी, जरा दम! गाडीला ब्रेक हाय का न्हाई?" मावशी म्हणाल्या, "हाय की. पुरा दाबला की लागतो." मित्र हिरमुसले, एक जण म्हणाला व्हिडिओसाठी पुन्हा एकदा आणा. नवरदेव मात्र खूश. त्याला भूक लागली होती.

सोमवारी मी साडेसातलाच गेले. ठेकेदाराची दोन माणसं कमानीत उभी होती, खांद्याला मशिनी, पायांत गमबूट. मालकांनी त्यांना रद्द केलं नव्हतं. विसरले होते की ठरवत नव्हते, मला आजही माहीत नाही. लाल गाडी शेडबाहेर काढलेली, आणि मावशी तिच्याशेजारी कट्ट्यावर हात मांडीवर ठेवून बसलेल्या.

"मावशी, चालू करा ना," मी कुजबुजले. "मालक यायच्या आत अर्धं कापून होईल."

"दव हाय," त्या म्हणाल्या.

"एक दिवस दव असलं तर काय होतं?"

"ओलं गवत पात्याला चिकटतं. पट्ट्यावर जोर येतो."

माणसांपैकी एकानं हाक मारली, "मावशी, मशीन बंद पडलीया का?"

"न्हाई रं भाऊ. दव सुकायचं हाय."

मग मालक आले. त्यांनी त्या दोघांकडं पाहिलं, मावशींकडं पाहिलं. चप्पल काढून हिरवळीवर चार पावलं चालले आणि पाय ओले झालेले पाहिले. चप्पल पुन्हा पायांत अडकवली. शेवटी ते कमानीकडं गेले आणि त्या माणसांना म्हणाले, "तुमी चहा घ्या अन् निघा, पाव्हणं. फेरा पडला तुमाला, तो भरून देतो. इथं आमचं माणूस हाय."

मावशी उठल्या नाहीत. उन्ह शेडच्या पत्र्यावरून उतरून हिरवळीच्या मध्यावर येईपर्यंत बसून राहिल्या. मग एकदा वाकून गवताला तळवा लावला, सीटवर बसल्या, पायडल तळापर्यंत दाबलं, गिअर टाकला आणि पाय पूर्ण उचलला. गाडी धक्का न देता निघाली.